शुद्धीचे गुण आणि त्यांची बेरीज

पक्षाघाताचा रुग्ण रुग्णालयात आला की नातेवाईक दोन प्रश्न विचारतात. शुद्धीवर आहे का? आणि यातून बरा होईल का? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बरेचदा पहिल्यावरून ठरवले जाते.

शुद्ध तपासण्याची जगभर चालणारी पद्धत म्हणजे ग्लासगो कोमा स्केल. डोक्याला मार लागलेल्यांना समोर ठेवून ग्रॅहम टीसडेल व ब्रायन जेनेट यांनी ती १९७४ साली मांडली. तिच्या आजच्या रूपात डोळे उघडण्याला १ ते ४, बोलण्याला १ ते ५ आणि हातापायांच्या हालचालीला १ ते ६ गुण देतात. बेरीज ३ ते १५ येते. ८ किंवा त्याहून कमी म्हणजे सहसा खोल बेशुद्धी समजतात. पद्धत सोपी आहे, आणि तिच्यामुळे परिचारिका व डॉक्टर एकच भाषा बोलू लागले. आमचा आक्षेप आहे तो बेरजेवर.

समजा, एका रुग्णाच्या मेंदूतील भाषेचे केंद्र पक्षाघाताने बिघडले. तो टक्क जागा आहे, ‘हात उचला’ म्हटले की उचलतो, पण तोंडातून शब्द फुटत नाही. त्याचे गुण ४+१+६, म्हणजे ११. दुसरा गुंगीत आहे. हाक मारली की डोळे उघडतो, असंबद्ध शब्द बोलतो, चिमटा काढला की हात तिकडे नेतो. त्याचे ३+३+५, म्हणजे पुन्हा ११. दोघांची अवस्था एक नाही, हे सांगायला डॉक्टर कशाला हवा?

फ्रेंच संपादक जाँ-दोमिनिक बोबी यांना डिसेंबर १९९५ मध्ये मस्तिष्कस्तंभात पक्षाघात झाला. बेशुद्धीतून ते पूर्ण भानावर आले, पण हलत होती जवळजवळ फक्त डाव्या डोळ्याची पापणी. तिच्या उघडझापीवर त्यांनी १९९७ साली प्रसिद्ध झालेले पुस्तक सांगितले. अशा अवस्थेला ४+१+१, म्हणजे ६ गुण मिळतात! २००५ साली मांडलेल्या ‘फोर’ मापनात बोलण्याला गुण नाहीत आणि सांगितल्यावर पापणी मिटण्याला आहेत, ते यासाठीच.

भाकितात धोका आणखी वाढतो. मेंदूतील रक्तस्रावासाठी २००१ साली १५२ रुग्णांवरून ‘आयसीएच स्कोअर’ तयार झाला. त्यात शुद्धीचे गुण, रक्ताचे प्रमाण व जागा, वय इत्यादी धरतात. पण गुण पाहून उपचार आवरते घेतले आणि रुग्ण गेला, तर भाकीत खरे ठरले की आपण ते खरे केले? पहिल्याच चाचणीवरून मुलाला ‘ढ’ ठरवून मागच्या बाकावर बसवले, तर वर्षअखेरीस तो नापास होतो, तसेच हे. म्हणूनच अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०१५ च्या सूचनांत, हृदय थांबल्यास ते पुन्हा सुरू करू नये असा नवा निर्णय किमान दाखल झाल्यानंतरच्या दुसऱ्या पूर्ण दिवसापर्यंत लांबवावा, असे सुचवले आहे.

स्वतः टीसडेल यांनीही प्रत्येक रुग्णाचे तिन्ही भाग वेगवेगळे सांगण्याचा आग्रह धरला. विद्यार्थ्यांना गणित घालून पाहा: ११ ही बेरीज किती प्रकारे येते? कागदावर उत्तर १४ येईल. आपल्या माणसाबाबत वेळ आलीच, तर डॉक्टरांना नुसता आकडा विचारू नये. डोळे, बोलणे, हालचाल वेगवेगळे विचारावे. आणि कालच्यापेक्षा आज काय बदलले, हेही.