सराईत गुन्हेगार आणि विकृत व्यक्तिमत्त्व : एका निदानाची चिकित्सा

१९८० साली दोन ग्रंथ प्रसिद्ध झाले. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने मानसिक विकारांच्या निदानाची नियमावली तिसऱ्यांदा सिद्ध केली. 'डीएसएम-तीन' या नावाने ती ओळखली जाते. त्याच वर्षी मराठीत लक्ष्मण माने यांचे 'उपरा' आले. या दोहोंचा परस्परांशी काय संबंध, असे कुणीही विचारील. पण माणसाच्या वागण्याला 'विकृती' म्हणायचे की 'परिस्थिती' म्हणायचे, हा प्रश्न ज्याला पडतो त्याने हे दोन ग्रंथ शेजारी ठेवून वाचले पाहिजेत.

आधी संज्ञा स्पष्ट करू. व्यक्तिमत्त्व-विकृती म्हणजे वेड नव्हे. तारुण्यापर्यंत पक्की झालेली, वर्षानुवर्षे न बदलणारी अशी ताठर मनोघडण, की जिच्यामुळे त्या माणसाला वा त्याच्या भोवतालच्यांना सतत त्रास होतो. त्याला भ्रम होत नाहीत, आपण काय करतो आहोत याचे भान सुटत नाही. म्हणूनच भारतीय दंड संहितेच्या कलम ८४ चे, आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या न्याय संहितेच्या कलम २२ चे संरक्षण अशा माणसाला सहसा मिळत नाही. मग न्यायालयाला या निदानाशी काय कर्तव्य? कर्तव्य आहे ते शिक्षेच्या वेळी. हा पुन्हा गुन्हा करील काय? हा सुधारेल काय? या दोन प्रश्नांपाशी मानसशास्त्रज्ञाला साक्षीला बोलावले जाते, आणि त्याच्या एका शब्दावर कुणाचे तरी उर्वरित आयुष्य तोलले जाते.

त्यातला सर्वांत जड शब्द म्हणजे 'समाजविरोधी व्यक्तिमत्त्व'. १९८० च्या नियमावलीत याची लक्षणे दिली आहेत. अटक होण्याजोगी कृत्ये वारंवार करणे, नोकरी न टिकणे, मारामाऱ्या, देणी न फेडणे ही त्यांतली काही. त्यांतच आणखी एक होते : हाती काम ठरलेले नसताना गावोगाव फिरणे, किंवा महिना-महिना कायमचा पत्ता नसणे. बालपणातील लक्षणांत शाळा बुडवणे आणि घरातून पळून जाणे होते.

आता 'उपरा' उघडा. गाढवांच्या पाठीवर संसार, आज या गावाच्या वेशीबाहेर तर उद्या त्या गावाच्या, काम मिळेल तेथे पाल. पत्ता कोणता सांगणार? शाळा बुडत होती ती मुलाच्या मनोघडणीमुळे की बिऱ्हाड हलले म्हणून? नियमावली लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कैकाडी नव्हते, हे उघड आहे. परंतु ज्या मध्यमवर्गीय घराला दार, क्रमांक आणि टपालपेटी आहे तेच माणसाचे नैसर्गिक घर, हे गृहीत धरूनच ते लिहीत होते. गृहीत दिसत नाही तेव्हाच ते शास्त्र म्हणून मिरवते.

आपल्याकडे हे गृहीत त्याच्या शंभरहून अधिक वर्षे आधी कायद्याने पक्के केले होते. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९११ साली मुंबई इलाख्यालाही लागू झाला. जन्मच गुन्ह्याचा पुरावा ठरला. पोलिसपाटलाकडे हजेरी, गाव सोडायचे तर परवाना, सोलापुरात तारेच्या कुंपणाची वसाहत. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा गेला. पण 'सराईत गुन्हेगार' हा शब्द राहिला आणि १९५९ साली मुंबई राज्यात त्याच नावाचा कायदा आला. लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (१९८७) हे या व्यवस्थेत वाढलेल्या मुलाचे निवेदन आहे. तेथे पोलीस येतो तो गुन्हा घडला म्हणून नव्हे, वस्ती उचल्यांची आहे म्हणून येतो.

निदानातील चक्र येथे नीट दिसते. 'वारंवार अटक होण्याजोगी कृत्ये' कुठून मोजायची? पोलिसांच्या नोंदीवरून. नोंद कशी झाली? जमात पाहून. मग तीच नोंद तज्ज्ञाच्या अहवालात शिरते आणि बाहेर पडताना तिचे नाव 'मनोघडण' होते. कायद्याचा पूर्वग्रह विज्ञानाच्या लेखणीने पुन्हा लिहिला जातो, एवढेच.

या नियमावलीवर अन्याय करायचा नाही. १९९४ च्या चौथ्या आवृत्तीत पत्त्याचे ते कलम गळले. शिवाय जगण्यासाठी धडपडावे लागते अशा वस्तीत हे निदान चुकीने चिकटू शकते, असा इशाराही आला. ही विकृती खोटी आहे असेही नव्हे. दुसऱ्याच्या वेदनेने तसूभरही न हलणारा माणूस आपल्या वस्तीतही असतो आणि त्याचा पहिला बळी बहुधा घरातली बाईच असते. तिच्यापुढे 'सगळा दोष परिस्थितीचा' हे वाक्य कोणत्या तोंडाने म्हणणार?

प्रश्न आहे तो शोध कोठे घेतला जातो याचा. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ हर्वे क्लेकली यांनी १९४१ साली 'द मास्क ऑफ सॅनिटी' हा या विषयावरील मूळ ग्रंथ लिहिला. त्यात व्यापारी, सभ्य गृहस्थ, शास्त्रज्ञ, डॉक्टर, इतकेच काय मानसोपचारतज्ज्ञ असलेल्या मनोविकृतांचीही प्रकरणे आहेत. पुढे कॅनडात रॉबर्ट हेअर यांनी वीस कलमांची, चाळीस गुणांची तपासणी-यादी केली ती मुख्यतः तुरुंगातील कैद्यांवर. तिच्यात बालगुन्हेगारी, परतफेडीविना दुसऱ्यावर जगणे आणि सशर्त सुटकेचा भंग यांना गुण आहेत. दप्तरातून गरीब सापडतो. दप्तर ज्याच्या हाती आहे तो सापडत नाही.

याची परिसीमा अमेरिकेतच झाली. टेक्सासमधील एका खटल्यात आरोपी काळा असल्याने त्याच्या हातून पुन्हा हिंसा होण्याची शक्यता वाढते, असे मानसशास्त्रज्ञाने साक्षीत सांगितले आणि १९९७ साली आरोपीला देहदंड झाला. साक्षीदार बचावपक्षानेच आणला होता! तेथील सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा सदोष ठरवली ती २०१७ साली. आपणही हसण्याच्या जागी नाही. तुरुंगांतील कामे जातीवर वाटणारे आणि विमुक्तांना जन्मतः सराईत मानणारे तुरुंग-नियम आपल्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले ते ऑक्टोबर २०२४ मध्ये.

तरीही मानसशास्त्राला न्यायालयाबाहेर हाकलून चालणार नाही. १९८० च्याच बचनसिंग निकालाने फाशीपूर्वी सुधारणेची शक्यता पाहण्यास सांगितले. २०२२ च्या मनोज खटल्यात न्यायालयाने आरोपीची कौटुंबिक, सामाजिक पार्श्वभूमी आणि मानसिक मूल्यमापन शासनाने आधीच पुढे ठेवावे असे बजावले. हे दार आपल्या माणसांसाठी उघडले आहे. त्यातून 'उपरा' आत जातो की सराईताची नोंदवही, यावर सारे अवलंबून आहे.

आणि शेवटी एक प्रश्न आपल्या स्वतःच्या भाषेविषयी. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत एका दलित कुटुंबातील चौघांची हत्या झाली. 'विकृत मनोवृत्ती', 'नराधम' हे शब्द आपल्याही निषेधपत्रकांत सहज येतात. संताप समजू शकतो. पण गावचा गाव जमतो आणि दुसऱ्या दिवशी शेतावर जातो, तेव्हा त्या सगळ्यांना व्यक्तिमत्त्व-विकृती होती काय? ती माणसे आपल्या घरात, आपल्या जातीत पुरती 'सामान्य' होती. त्या खटल्यात अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू झाला नाही. क्रौर्य मान्य झाले, जात बाजूला राहिली. त्यांना विकृत म्हणून आपणही तेच करतो. विकृतीचा शब्द विमुक्ताच्या कपाळी नशीब म्हणून बसतो आणि सवर्ण मारेकऱ्याच्या बाबतीत व्यवस्थेची सुटका करून देतो.

म्हणून जे विद्यार्थी मानसशास्त्र शिकत आहेत, जे शिक्षक ते शिकवत आहेत आणि जे कार्यकर्ते न्यायालयाच्या पायऱ्या चढत आहेत, त्यांनी तज्ज्ञाचा अहवाल हाती आला की चार गोष्टी विचाराव्यात. आरोपीशी तज्ज्ञ किती वेळ आणि कोणत्या भाषेत बोलला? बालपणाची हकिगत कुणाकडून घेतली, आईकडून की ठाण्याकडून? जुन्या नोंदींपैकी शाबित किती, नुसता संशय किती? आणि जे लक्षण म्हणून लिहिले आहे ते उपाशी माणसाचे जगणे तर नव्हे? या प्रश्नांची उत्तरे ज्या अहवालात नाहीत, तो मनाचा अहवाल नव्हे; ती जुन्या हजेरीवहीचीच नवी प्रत आहे.