बुडालेल्या सरोवराचीं चित्रें

निसर्गाच्या छायाचित्रांकडे आपल्याकडील सुशिक्षित कुटुंबें कांहींशा लाडिक उपेक्षेनें पाहतात. भिंतीवरील दिनदर्शिकेंत एखादें सरोवर, त्यांत उलटा पडलेला पर्वत आणि वर केशरी ढग एवढें असलें कीं, "काय सुंदर आहे!" असें म्हणावयाचें आणि महिना संपला म्हणजे पान उलटावयाचें. चित्रकाराच्या चित्रावर जो मनुष्य तासभर वाद घालील, तोच छायाचित्रापुढें दोन शब्दांत आटोपतें घेतो. यास कारणें दोन दिलीं जातात. एक असें कीं, चित्र यंत्र काढतें. आणि दुसरें असें कीं, सौंदर्य मुळांत निसर्गाचें, तेव्हां छायाचित्रकाराचा त्यांत हिस्सा तो किती? या आक्षेपांची परीक्षा करावयाची तर मोघम चर्चेपेक्षां एखाद्या माणसाचें काम समोर घेऊन बसावें हें बरें. आम्हीं त्यासाठीं टास्मानियांतील ओलेगस ट्रुखानस आणि त्याचा शिष्य पीटर डोम्ब्रोव्स्किस यांचीं चित्रें निवडलीं आहेत. एका सरोवराचा आणि एका नदीचा जीव या चित्रांशीं बांधलेला होता, आणि अशा प्रसंगीं चित्राच्या अंगीं बळ किती हें उघडें पडतें.

टास्मानिया हें ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडील बेट. त्याच्या नैर्ऋत्य भागांत, फ्रँकलंड पर्वतरांगेच्या पायथ्याशीं, पेडर नांवाचें एक सरोवर होतें. विस्तार फारसा नव्हता. सुमारें १० चौरस किलोमीटर. पण त्याच्या पूर्वेच्या कांठीं गुलाबी झांक असलेल्या गारेच्या वाळूची पुळण होती. ती सुमारें ३ किलोमीटर लांब, आणि उन्हाळ्याच्या अखेरीस पाणी ओसरलें म्हणजे इतकी रुंद व घट्ट होई कीं, लहान विमानें तीवर खुशाल उतरत. पाणी मात्र कोऱ्या चहासारखें तांबूस-काळें; कारण भोंवतालच्या पाणथळ गवताच्या कुजलेल्या थरांतून झिरपून तें येई. १९५५ सालीं हा प्रदेश राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झाला. १९६७ सालीं जलविद्युत् योजनेसाठीं तें संरक्षण काढून घेण्यांत आलें, आणि १९७२ सालीं तीन धरणांमागें तुंबलेल्या पाण्यानें सरोवर, वाळू आणि भोंवतालची सखल भूमि यांस गिळून टाकलें.

या सरोवराचा चित्रकार तेथला भूमिपुत्र नव्हता. ट्रुखानसचा जन्म १९२३ सालीं लिथुएनियांत झाला. दुसऱ्या महायुद्धानें त्याचा देश हिरावून घेतला, आणि १९४८ सालीं तो निर्वासित म्हणून टास्मानियांत आला. पोटासाठीं त्यानें कारकुनी धरली, ती जलविद्युत् मंडळांत. म्हणजे ज्या मंडळानें पुढें सरोवर बुडविलें त्याचाच तो पगारी नोकर होता. कादंबरीकारानें असें कथानक रचलें असतें तर आम्हीं त्यास कृत्रिम ठरविलें असतें! सुटी मिळाली कीं हा कारकून पाठीवर ओझें घेऊन रानांत शिरे. १९५८ सालीं त्यानें पेडर सरोवरापासून सर्पेंटाइन व गॉर्डन या नद्यांतून पश्चिम किनाऱ्यापर्यंतचा प्रवास एका लहानशा होडींतून एकट्यानें केला. ७ फेब्रुवारी १९६७ च्या प्रचंड वणव्यांत त्याचें घर जळालें, आणि अनेक वर्षांचा चित्रसंग्रह त्याबरोबर राख झाला. त्याच वर्षीं सरोवराचा निकालही लागला. मग हा गृहस्थ उठला आणि तींच स्थळें पुन्हां टिपूं लागला. आज जीं चित्रें आपल्या हातीं आहेत तीं बहुतेक या दुसऱ्या फेरींतलीं आहेत. १९७५ सालीं चित्रकार मॅक्स अँगस यानें त्यांवर जें पुस्तक सिद्ध केलें, तें या विषयाच्या अभ्यासकानें अवश्य पाहावें.

आतां यंत्राचा आक्षेप पाहूं. सरोवराचें चित्र काढणें म्हणजे मुख्यतः वाट पाहणें होय. रात्रभर जमीन निवते, वारा पडतो, आणि पहांटे पाणी आरशासारखें स्थिर होतें. ऊन चढून कांठ तापूं लागला कीं झुळूक सुटते आणि आरसा फुटतो. या दोहोंमधला अवधि कधीं अर्धा तास, कधीं कांहींच नाहीं. पेडरचें पाणी काळसर असल्यामुळें त्याचा तळ डोळ्यांच्या आड येत नसे आणि प्रतिबिंब विलक्षण खोल उमटे. पण तें नेहमीं मूळ दृश्यापेक्षां अंधारें, कारण पडलेल्या प्रकाशाचा कांहीं भाग पाणी स्वतःकडे ठेवून घेतें. रंगीत पारदर्शिकेच्या फिल्मला उजेड-अंधाराचें एवढें अंतर पेलत नाहीं. आकाश राखावें तर पाण्याचा काळा डाग होतो, पाणी राखावें तर आकाश पांढरें फटफटीत पडतें. काय राखावयाचें हें यंत्र सांगत नाहीं.

शिवाय प्रतिबिंब ही वरच्या दृश्याची उलटी नक्कल असते ही समजूतही चुकीची आहे. कॅमेरा पाण्यापासून जितका उंच असेल तितक्याच खोलीवर पाण्याखालीं दुसरा डोळा आहे असें समजावें. प्रतिबिंबांत त्या डोळ्यास दिसणारा डोंगर असतो. म्हणून जवळच्या टेकडीमागचें शिखर वर दिसतें आणि पाण्यांत नाहींसें होतें. छायाचित्रकार दोन हात खालीं वांकला कीं पाण्यांतला पर्वत बदलतो. जो मनुष्य वाळूवर पालथा पडून शिखराची जागा बोटभर सरकवितो त्यास "यंत्र चालविणारा" म्हणणें हें वीणा वाजविणाऱ्यास तारा ओढणारा म्हणण्यासारखें आहे.

ट्रुखानसच्या चित्रांत आम्हांस आवडणारी गोष्ट ही कीं, तींत पर्वत नायक नाहीं. पुढें वाळूवर पाण्यानें उमटविलेल्या वळ्या, त्यांत अडकलेला उजेड, मग पाण्याची पातळ कड, आणि वर, जवळजवळ चौकटीबाहेर रेटलेली डोंगरांची रांग. डोळा खालून वर जातो, चालत गेल्यासारखा जातो. दिनदर्शिकेंतलें सरोवर एका क्षणांत पाहून संपतें. हें संपत नाहीं. त्याचीं सूर्यास्ताचीं कांहीं चित्रें मात्र आम्हांस अति गोड वाटलीं. तेथें रंगानें विचारावर मात केली आहे, आणि तशीं चित्रें दुसऱ्या कोणीही काढलीं असतीं.

होबार्टच्या नगरभवनांत त्यानें हीं चित्रें पडद्यावर दाखविलीं, तेव्हां सभागृह ओसंडून जात असे. अंधारांत एकामागून एक चित्र येतें, सरोवर सकाळचें होतें, दुपारचें होतें, पावसाचें होतें, आणि जवळ उभा राहून एक माणूस परक्या उच्चारांत त्याविषयीं बोलतो. ही मालिका होती, आणि तिच्यांत काळ होता, हा तिचा गुण होय. लोक गहिंवरले, सरोवर मात्र बुडालें. असें कां झालें? सरकारपक्षाचें म्हणणें असें होतें कीं, सरोवर नाहींसें होत नसून मोठें होत आहे. या युक्तिवादास छायाचित्रापाशीं उत्तर नव्हतें. जें आहे तें छायाचित्र दाखवितें. "हें राहणार नाहीं" हें वाक्य त्यास उच्चारतां येत नाहीं. तें वाक्य ट्रुखानसला तोंडानें बोलावें लागलें, आणि तोंडाचें बोलणें नगरभवनाच्या भिंतींबाहेर फार दूर गेलें नाहीं. ६ जानेवारी १९७२ रोजीं, धोक्यांत आलेल्या गॉर्डन नदीचीं चित्रें काढण्यास गेला असतां, तो त्याच नदींत बुडाला. शोध घेणाऱ्यांत डोम्ब्रोव्स्किस होता, आणि प्रेत त्यासच सांपडलें.

पीटर डोम्ब्रोव्स्किस हाही निर्वासितांचें मूल. १९४५ सालीं जर्मनींत लॅटव्हियन आईबापांच्या पोटीं जन्मलेला. गुरु लहान कॅमेऱ्यानें काम करी. शिष्यानें ४ बाय ५ इंचांच्या तावाचा जड कॅमेरा पाठीवर घेतला आणि दिनदर्शिका, दैनंदिन्या व पुस्तकें छापून त्यावर उपजीविका केली. १९७९ सालीं फ्रँकलिन नदीवर काढलेलें त्याचें रॉक आयलंड बेंड हें चित्र सर्वांच्या परिचयाचें आहे. नदीच्या मधोमध झाडांचा तुरा असलेला एक काळा खडक, मागें धुकें, आणि पुढें पाणी दुधासारखें पांढरें. कारण कॅमेऱ्याचा डोळा इतका वेळ उघडा ठेवला आहे कीं, वाहणाऱ्या पाण्याचा एकही थेंब थेंब म्हणून उरत नाहीं. या नदीवरही धरण व्हावयाचें होतें, आणि टास्मानियाचे मुख्यमंत्री तिला जळवांनीं भरलेला तपकिरी चर समजत. ५ मार्च १९८३ च्या निवडणुकीपूर्वीं हेंच चित्र मोठ्या वृत्तपत्रांत पानभर रंगीत छापून, हें नष्ट करणाऱ्या पक्षास तुम्ही मत द्याल काय, असा प्रश्न मतदारांस विचारण्यांत आला. सत्तांतर झालें, नव्या सरकारनें कायदा केला, आणि १ जुलै १९८३ रोजीं तेथील सर्वोच्च न्यायपीठानें चार विरुद्ध तीन मतांनीं तो उचलून धरला. धरण झालें नाहीं.

एका चित्रानें सरकार पाडलें असें तेव्हांपासून म्हटलें जातें. आम्हांस तें पटत नाहीं. त्या वर्षीं ऑस्ट्रेलियांत बेकारी होती, महागाई होती, आणि मतदार केवळ धुकें पाहून मत देत नसतो. तथापि पेडरच्या चित्रांस जें साधलें नाहीं तें या चित्रास साधलें हें खरें, आणि तें साधण्याचें कारण चित्रांत नसून त्याखालच्या प्रश्नांत आहे. जें वाक्य ट्रुखानस बोलत होता तें आतां छापलेलें होतें.

पण कलाकृति म्हणून तोलावयाचें तर आमचा कौल हरलेल्या चित्रांस आहे. रॉक आयलंड बेंड निर्दोष आहे, आणि तोच त्याचा दोष आहे. तें ध्वजासारखें आहे. दुरून ओळखूं येतें, जवळ गेल्यावर अधिक कांहीं देत नाहीं. त्यांतील नदी निर्मनुष्य व अनादि दिसते. वस्तुतः त्याच नदीच्या खोऱ्यांत कुटिकिना नांवाची गुहा आहे; हिमयुगांत, सुमारें २० ते १५ हजार वर्षांपूर्वीं, तींत माणसें राहत होतीं. त्यांचीं दगडी हत्यारें व शिकारीचीं हाडें १९८१ सालच्या उत्खननांत ढिगांनीं मिळालीं. नदी वांचविण्याच्या खटल्यांत या गुहेचा मोठा आधार झाला. धुक्याच्या त्या सुंदर चित्रानें मात्र, नकळत कां होईना, त्या माणसांस दुसऱ्यांदा घराबाहेर काढलें. निर्मनुष्य निसर्ग हीच खरी शोभा, हा समज छायाचित्रकारांनीं फार पसरविला आहे, आणि दिनदर्शिकांनीं तो घरोघर पोंचविला आहे.

हा समज आपल्याही अंगवळणी पडला आहे, म्हणून थोडें विषयांतर करतों. पावसाळ्यांत पुण्या-मुंबईचीं कुटुंबें मुळशीच्या पाण्याचीं चित्रें काढावयास जातात. हिरवे डोंगर, खालीं उतरलेले ढग, संथ पाणी! तें सरोवर नव्हे, धरण आहे. त्याच्या तळाशीं मावळ्यांचीं भातखाचरें आणि गांवें आहेत, आणि तीं वांचविण्यासाठीं १९२१ सालीं सेनापती बापटांच्या नेतृत्वाखालीं सत्याग्रह झाला होता. बुडण्यापूर्वींचें मुळशीचें खोरें डोळ्यांपुढें आणावें म्हटलें तर आपल्यापाशीं शब्द आहेत. ट्रुखानससारखा कोणी तेथें पालथा पडला नव्हता.

पेडरची कथा मात्र अद्याप संपलेली नाहीं. पाणबुड्यांनीं जाऊन पाहिलें तेव्हां ती गुलाबी पुळण पातळ गाळाखालीं जशीच्या तशी सांपडली. धरण रितें करून सरोवर मोकळें करावें अशी मागणी झाली, आणि १९९५ सालीं तेथील संसदेच्या समितीनें तें तंत्रदृष्ट्या शक्य असल्याचें मान्य केलें. करावें अशी शिफारस मात्र केली नाहीं. मागणी करणाऱ्यांच्या हातांत त्याही वेळीं ट्रुखानसचींच चित्रें होतीं. तळाशीं काय आहे हें दाखवावयास दुसरें साधन तें कोणतें? वर सुमारें २४० चौरस किलोमीटरांचा नवा जलाशय पसरला आहे. त्याचेंही नांव पेडर सरोवर असेंच ठेवलें आहे, आणि प्रवासी त्याच्या कांठीं उभे राहून पाण्यांत उलट्या पडलेल्या फ्रँकलंड रांगेचीं चित्रें काढीत असतात.