लिनिअसची तुती

लिनिअसच्या १७५३ सालच्या 'स्पीशीज प्लांटारम' या ग्रंथांत पांढरी, काळी व तांबडी तुती निरनिराळ्या नांवांनीं नोंदल्या आहेत. ही नेटकी मांडणी स्तुत्य खरी. परंतु निसर्ग ग्रंथकाराचीं कुंपणें पाळीत नाहीं. रेशमासाठीं आशियांतून अमेरिकेंत नेलेल्या पांढऱ्या तुतीचा तेथील मूळच्या तांबडीशीं संकर होतो. कॅनडाच्या ऑंटारिओ प्रांतांत तांबडीचीं झाडें थोडींच उरलीं आहेत. त्यांत शुद्ध कोणतें हें केवळ पानावरून नेहमीं ठरत नाहीं, जनुकांची परीक्षा लागते. तुतींतील एका द्रव्याच्या घडणीवरून मधुमेहाचें मिग्लिटॉल हें औषध रचलें गेलें. तांबडीचें वाण मिसळून गेलें, तर तिचे गुण शोधण्याची वाटच खुंटेल. म्हणून रक्षणाच्या कामीं हा थोर ग्रंथ आरंभापुरताच प्रमाण मानावा.