पदार्पणाची साक्ष : झाशीविषयक काही कृती

2006 मध्ये जयपूरचा साहित्य महोत्सव सुरू झाल्यानंतर अशा महोत्सवांचे लोण देशभर पसरले आणि पहिली कादंबरी लिहिणाऱ्यांचे चर्चासत्र हा त्यांचा ठरीव भाग होऊन बसला. नवोदितांना विचारले जाणारे प्रश्नही ठरीव असतात : विषय कसा सुचला, स्वानुभव किती, सामग्री कोठून मिळवली. हे सारे लेखनाच्या आधीचे प्रश्न आहेत. निवेदक कोण असावा, काय गाळावे, कोठे थांबावे हे लेखनातले प्रश्न सहसा बाजूस राहतात. ‘कोसला’ (1963) अल्पावधीत लिहून झाल्याची कथा तिच्या निवेदनरीतीच्या चर्चेपेक्षा अधिक जणांना ठाऊक असते, ती यामुळेच.

लेखकाची स्वतःच्या कृतीविषयीची साक्ष कितपत ग्राह्य धरावी, हे तपासण्यास झाशीविषयक लेखन उपयुक्त ठरते. झाशीत वकिली करणारे वृंदावनलाल वर्मा हे पदार्पण करणारे लेखक नव्हेत. ‘झाँसी की रानी लक्ष्मीबाई’ (1946) लिहिताना त्यांच्यामागे ‘गढ़ कुंडार’सारखी कृती होती. परंतु साक्ष कृतीवर कशी स्वार होते याचा नमुना येथे मिळतो. द. ब. पारसनीस यांच्या 1894 च्या चरित्रातून राणी नाइलाजाने लढली असे चित्र उभे राहते. ते वर्मांना मान्य नव्हते. घराण्यातील आठवणींच्या आधारे ती स्वराज्यासाठी लढली, अशी भूमिका त्यांनी प्रस्तावनेत घेतली. पुढे कादंबरीभर ही भूमिकाच बोलत राहते. पात्रे पुष्कळदा वकिलाने हजर केलेल्या साक्षीदारांसारखी वाटतात.

महाश्वेतादेवींची गोष्ट वेगळी. ‘झाँसीर रानी’ (1956) हे त्यांचे पहिलेच पुस्तक, आणि तेही रूढ अर्थाने चरित्र. ग्रंथांवर विसंबून न राहता त्यांनी झाशी, ग्वाल्हेर, काल्पी हा मुलूख पालथा घातला, लोकगीते व आख्यायिका जमवल्या. या प्रवासाची हकिगत आज पुस्तकापेक्षाही अधिक सांगितली जाते. वस्तुतः महत्त्वाचे आहे ते त्यांनी आख्यायिकेला दिलेले स्थान. राणी मेलीच नाही असे सांगणारा लोकसमज त्या चूक म्हणून खोडून काढत नाहीत. कागदपत्रांच्या शेजारी त्यालाही पुरावा म्हणून उभा करतात. त्यांच्या पुढील कादंबऱ्यांची बीजे या निर्णयात आहेत, भटकंतीत नव्हेत.

विष्णुभट गोडसे यांना मात्र कोणत्याच व्यासपीठावर बोलावे लागले नाही. वरसईचा हा भिक्षुक मथुरेच्या यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेने 1857 मध्ये उत्तरेकडे निघाला आणि 1858 च्या वेढ्यात झाशीत अडकला. चिंतामणराव वैद्य यांच्या आग्रहावरून त्याने पुढे कित्येक वर्षांनी आठवणी लिहिल्या. ‘माझा प्रवास’ 1907 मध्ये छापून आला तो वैद्यांनी भाषा व मजकुरात फेरफार करून. मूळ पाठ दत्तो वामन पोतदारांमुळे 1966 मध्ये उजेडात आला. म्हणजे जवळपास साठ वर्षे मराठी वाचक संपादकाने घडवलेले गोडसे वाचत होते. सरकारच्या धाकाचा विचार करता वैद्यांना दोष देणे सोपे नाही. तरी त्या सारवासारवीत निवेदकाची बोलण्याची ढब बरीच हरवली, हे नाकारता येत नाही.

गोडशांच्या ‘मी’ला शौर्याचा आव नाही. तो भितो, लपतो, लुटला जातो, पैशाचा हिशेब ठेवतो. काल्पीच्या वाटेवर विहिरीपाशी राणी भेटते तेव्हा तो पाणी काढून देऊ पाहतो, आणि विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी पाणी काढू नये म्हणून ती स्वतःच काढते. हरलेल्या युद्धातही सुटलेली नसलेली ही वर्णमर्यादा गोडसे कोणतीही टिप्पणी न करता नोंदवतात. पुढे आईवडिलांसाठी गंगेची कावड घेऊन ते वरसईला पोहोचतात. राणीच्या मृत्यूनंतरही पुस्तक बरेच चालते. नायिका गेल्यावर कथा न थांबवण्याचा हा निर्णय एखाद्या नवोदित कादंबरीकाराने घेतला असता, तर सत्रात त्याला तो का घेतला, हे विचारणारा श्रोता भेटला असता का, याची शंकाच आहे.