‘इंटिमेट’ म्हणजे कुणाच्या जवळचे?

पुस्तक-परीक्षणांत ‘इंटिमेट’ हे विशेषण आता सर्रास भेटते. एखादे आत्मकथन आवडले, पण का आवडले ते नेमके सांगता येईना, की परीक्षक हा शब्द पुढे करतो. मराठीत लिहीत असला तर ‘जिव्हाळ्याने लिहिलेले’ म्हणतो. माझ्या वाचनात तरी हे विशेषण पुरुषांपेक्षा स्त्रियांच्या पुस्तकांना अधिक लागते. पुरुषाच्या आत्मचरित्रात ‘चिंतन’ असते, बाईच्या आत्मचरित्रात ‘जिव्हाळा’. एकदा जिव्हाळा म्हटले की रचनेबद्दल, विनोदाबद्दल, काय सांगितले आणि काय गाळले याबद्दल बोलायचे राहूनच जाते. शब्द कौतुकाचा आहे, पण त्याने वाचन थांबते. म्हणून पुस्तकाआधी हा शब्दच जरा उघडून पाहावा असे वाटले.

लॅटिनमध्ये ‘इंटिमस’ म्हणजे सर्वांत आतले. आपल्या ओळखीचा ‘इंटीरियर’ हा त्याच घराण्यातला. त्याचा मूळ अर्थ ‘अधिक आतले’. म्हणजे एक तर-भाव, दुसरा तम-भाव. संस्कृतात याचे भावंड आहे. ऋग्वेदात ‘अन्तम’ हा शब्द येतो, आणि त्याचा अर्थ सर्वांत जवळचा, निकटचा. एकीकडे आतले, दुसरीकडे जवळचे, आणि मूळ मात्र एक. जो आपल्या सर्वांत आत तोच सर्वांत जवळचा, ही कल्पना आजची नाही.

पण याच ‘इंटिमस’पासून लॅटिनमध्ये पुढे एक क्रियापद झाले: ‘इंटिमारे’, म्हणजे कळवणे, जाहीर करणे. आतले होते ते दुसऱ्याच्या कानावर घालणे. इंग्रजीत आले तेव्हा हे क्रियापदच आधी आले. ‘इंटिमेट’ हे क्रियापद सोळाव्या शतकातले, तर जवळिकीचे विशेषण सतराव्या शतकातले. म्हणजे इंग्रजी माणूस या शब्दाने आधी निरोप देत होता, सख्य जोडू लागला ते नंतर. पुढे क्रियापदाला आडून सुचवण्याची छटा आली. भारतातल्या सरकारी इंग्रजीने मात्र कळवण्याचाच अर्थ जपून ठेवला. आपल्याकडे बँक, विमा कंपनी, विद्यापीठ सगळे ‘इंटिमेट’ करतात, आणि मराठी माणूसही ‘मला काही इंटिमेशन आले नाही’ असे बिनदिक्कत म्हणतो. त्यात जवळिकीचा लवलेश नसतो. तरी शब्दाच्या इतिहासाशी हा प्रयोग प्रामाणिक आहे. शब्दात दोन्ही गोष्टी आहेत: खोल आत असणे आणि बाहेर कळवणे. परीक्षणांत आपण पहिली तेवढी घेतो.

भारतीय भाषांनी ही जागा वेगवेगळ्या तऱ्हांनी भरली आहे. बंगालीत आणि हिंदीत जिवलग मित्र ‘अंतरंग’ असतो. मराठीत अंतरंग हे बहुधा नाम. पुस्तकाला अंतरंग असते, माणसाला असते, पण ‘अंतरंग मित्र’ म्हटले तर ते हिंदीवरून उचललेले वाटते. बादल सरकारांनी 1970च्या दशकात कोलकात्यात प्रेक्षकांना खेटून नाटक करायला सुरुवात केली तेव्हा त्या रंगभूमीला ‘अंगनमंच’ म्हटले. इंग्रजीत ज्याला ‘इंटिमेट थिएटर’ म्हणतात त्यासाठी त्यांनी भावनेचा शब्द न निवडता जागेचा निवडला. अंगण घराच्या आतही नसते आणि पुरते बाहेरही नसते. ‘इंटिमेट’च्या दोन्ही अर्थांना एकत्र नांदवणारा इतका नेमका प्रतिशब्द मला दुसरा ठाऊक नाही.

मराठीत जवळिकीच्या शब्दांचा तोटा नाही. उलट आपले शब्द कोण कुणाच्या जवळ गेले हेही सांगून टाकतात. सलगी करतो तो धाकटा, आणि ती द्यायची की नाही हे थोरल्याच्या हाती. लगट नकोशी असते. घसट वाढली म्हणणारा तिसराच कुणी लांबून पाहत असतो. नखाखालच्या नाजूक मांसाला जिव्हाळी म्हणतात. तिच्या शेजारी जिव्हाळा हा शब्द ऐकला की त्यात नुसती ऊब उरत नाही, दुखण्याची शक्यताही येते. आणि ‘अंतर’ तर विलक्षणच. अंतरीचे म्हणजे हृदयातले, आणि दोन गावांमधले तेही अंतरच. ‘मला अंतर देऊ नकोस’ असे आपण म्हणतो तेव्हा टाकून जाऊ नकोस अशी ती विनवणी असते.

या दुहेरी अंतराची गोष्ट म्हणून मी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचतो. 1934 पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेले हे पुस्तक मराठीत जिव्हाळ्याचा मानदंड मानले जाते. पण त्याच्या सुरुवातीला काय आहे? सोवळ्याने पछाडलेले वडील, बाहेरून येणारी वस्तू धुतल्याशिवाय घरात न घेणारे. पोरांनी काय शिवावे, काय शिवू नये यातच घराचा दिवस जातो. अशा घरातल्या मुलीचे लग्न नारायण वामन टिळकांशी होते, आणि 1895 साली नवरा ख्रिस्ती होतो. पुढली काही वर्षे ती त्याच्यापासून वेगळी राहते. मग त्याच्याकडे परतते. पण शिवाशिव काही लगेच सुटत नाही. एकाच छपराखाली राहायचे आणि पाणी-अन्नाचे अंतर ठेवायचे, असा तो संसार. ज्या नवऱ्यावर जीव आहे त्याच्या हातचे चालत नाही, हे इथे कुठल्याही उद्गारचिन्हाशिवाय येते.

लक्ष्मीबाईंनी हे सांगण्यासाठी धरलेला सूर मला फार महत्त्वाचा वाटतो. बायकोने नवऱ्याचे नाव न घेण्याच्या त्या काळात त्या त्याला पुस्तकभर ‘टिळक’ म्हणतात. आडनाव, जग ज्या नावाने त्याला ओळखते तेच. त्याचा विसराळूपणा, तापटपणा, हातातले देऊन टाकण्याची सवय हे सगळे त्या जणू शेजारच्या बिऱ्हाडातली हकीकत असावी तसे सांगतात. त्यातून विनोद येतो. स्वतःकडेही त्या तितक्याच लांबून पाहतात, आणि त्या लांबून पाहण्यामुळेच वाचक आत जातो. हे भाबडेपणाने घडत नाही. कुठे उभे राहून बोलायचे हे त्या बाईला पक्के ठाऊक आहे. ‘जिव्हाळ्याचे लेखन’ एवढेच म्हणून आपण हे कसबच अदृश्य करतो.

पुस्तक इंग्रजीत गेले तेव्हाही हा प्रश्न सुटला नाही. जोसेफिन इंकस्टर यांच्या 1950च्या अनुवादाचे नाव ‘आय फॉलो आफ्टर’. शांता गोखले यांच्या 2017च्या अनुवादाने मूळ नाव राखले, पण खाली ‘द मेमॉयर्स ऑफ अ स्पिरिटेड वाइफ’ असे उपशीर्षक आले. एका मुखपृष्ठावर ती मागून चालणारी, दुसऱ्यावर तेजस्वी बायको. दोन्हींमागे आदर आहे, यात शंका नाही. तरी मूळ मराठी नावात ना नवरा आहे ना अनुगमन. आठवणी आहेत आणि त्यांची चित्रे आहेत, म्हणजे काढणारा हात आहे. बाईच्या पुस्तकाची ओळख ती कुणाच्या जवळची होती यावरून करून द्यायची, ही सवय भाषा बदलली तरी बदललेली नाही.

हा शब्द टाकून द्या असे माझे म्हणणे नाही. मात्र पुढल्या वेळी कुणी एखाद्या पुस्तकाला ‘इंटिमेट’ म्हटले, तर त्या शब्दातले विसरलेले क्रियापद आठवावे आणि विचारावे, की हे पुस्तक कुणाला काय कळवते आहे, किती अंतरावरून, आणि काय स्वतःपाशीच ठेवून. ज्या परीक्षणात याचे उत्तर असेल, त्याला हे विशेषण वापरण्याची गरज बहुधा पडणार नाही.