ब्लायटन, एनिड मेरी

(११ ऑगस्ट १८९७ – २८ नोव्हेंबर १९६८). विपुल बालसाहित्य लिहिणारी इंग्रज लेखिका. जन्म लंडनमधील ईस्ट डलिच येथे. इप्सविच येथे तिने फ्रबेलप्रणीत शिक्षणपद्धतीचे प्रशिक्षण घेतले व काही वर्षे अध्यापन केले. चाइल्ड व्हिस्पर्स (१९२२) हा बालकवितांचा संग्रह हे तिचे पहिले पुस्तक. सातशेच्या आसपास पुस्तके तिच्या नावावर असून ‘फेमस फाइव्ह’ (२१ पुस्तके, १९४२–६३) व ‘सीक्रेट सेव्हन’ (१५ पुस्तके, १९४९–६३) या साहसकथामालांमुळे ती जगभर ज्ञात झाली. तिच्या शालेय कथांचा विचार मात्र स्वतंत्रपणे करावा लागतो.

टॉमस ह्यूझच्या टॉम ब्राउन्स स्कूल डेज (१८५७) या कादंबरीपासून इंग्रजीत वसतिगृहयुक्त शाळेच्या कथांची परंपरा रूढ झाली. विसाव्या शतकात अँजेला ब्राझील व एलिनर ब्रेंट-डायर यांनी ती मुलींच्या शाळांकडे वळविली. ब्लायटनच्या ‘सेंट क्लेअर्स’ (१९४१–४५) व ‘मॅलरी टॉवर्स’ (१९४६–५१) या प्रत्येकी सहा पुस्तकांच्या माला याच परंपरेतल्या होत. मात्र द नॉटिएस्ट गर्ल इन द स्कूल (१९४०) आणि तिच्या पुढील दोन कादंबऱ्या (१९४२, १९४५) यांतील ‘व्हाइटलीफ’ ही शाळा या चाकोरीबाहेरची आहे. येथे मुले व मुली एकत्र शिकतात. मुलांजवळचे सर्व पैसे एका सामाईक पेटीत जमा होतात व दर आठवड्याला प्रत्येकाला त्यांतून सारखीच रक्कम मिळते. तक्रारी, शिक्षा व जादा खर्चाच्या मागण्या यांचा निर्णय मुलांची साप्ताहिक सभा करते. मुख्याध्यापिका मागे बसून असतात. विचारल्याखेरीज त्या सहसा बोलत नाहीत. ए. एस. नीलने १९२१ मध्ये स्थापन केलेल्या समरहिल शाळेशी या व्यवस्थेचे साम्य उघड आहे. परंतु समरहिलमध्ये तासांना बसणे ऐच्छिक असते, तर व्हाइटलीफमध्ये अभ्यासाला सूट नाही.

एलिझाबेथ ॲलन ही लाडावलेली एकुलती एक मुलगी शाळेतून काढून टाकले जावे म्हणून मुद्दाम उच्छाद मांडते. मध्यसत्रापर्यंत तिची इच्छा कायम राहिली, तर तिला घरी जाता येईल, असे सभा ठरविते. बंडाला विरोधच न उरल्याने त्याचे कारण नाहीसे होते आणि राहण्याचा निर्णय एलिझाबेथला स्वतःच घ्यावा लागतो. दुसऱ्या कादंबरीत दांडगाई करणाऱ्या रॉबर्टला घोड्यांची देखभाल सोपविली जाते. त्याच्या वर्तनामागील दुखावलेपणाची दखल घेऊनच सभा हा मार्ग शोधते. तिसऱ्या कादंबरीत एलिझाबेथ वर्गप्रमुख होते, एका निरपराध मुलावर चोरीचा आळ घेते व ते पद गमावते. अधिकार मिळाला म्हणजे न्यायबुद्धी येतेच असे नाही, ही जाणीव बालवाचकाला उपदेशाविना होते. स्वशासन म्हणजे मोकळीक नव्हे, तर चुकण्याची व चूक निस्तरण्याची जबाबदारी होय, हे या कथात्रयीचे सार होय.

ब्लायटनची भाषा बेताची, पात्रे ठोकळेबाज आणि कथानके पुनरावृत्त असतात, हा आक्षेप रास्त आहे. बीबीसीने तिचे लेखन दीर्घकाळ प्रसारणाबाहेर ठेवले. पुढे वर्णभेद व वर्गाभिमान यांबद्दलही तिच्यावर कठोर टीका झाली. व्हाइटलीफची समताही मर्यादितच आहे. पेटीतील पैसे सर्वांचे असले, तरी शाळेत प्रवेश शुल्क भरू शकणाऱ्यांनाच मिळतो. उंबरठ्याबाहेरच्या मुलाचा प्रश्न तेथे उद्भवत नाही.

ही मर्यादा महाराष्ट्रातील एका प्रयोगाशेजारी ठेवली असता अधिक स्पष्ट होते. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे १९४५ मध्ये बालशिक्षणाचे कार्य सुरू केले व पुढे ते कोसबाडला नेले. गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांना शाळेत येता येत नाही, हे ओळखून तेथे शाळाच कुरणावर गेली. ब्लायटनची एलिझाबेथ शाळेतून बाहेर पडू पाहते. कोसबाडच्या मुलापुढचा प्रश्न शाळेपर्यंत पोहोचण्याचा होता. तथापि मुलावर विश्वास टाकल्याशिवाय शिक्षण घडत नाही, हे सूत्र दोन्हींकडे समान आहे. मराठी बालवाङ्मयात भा. रा. भागवतांच्या ‘फास्टर फेणे’सारख्या कथांत शाळा ही मुख्यतः साहसाची पार्श्वभूमी असते. शाळेची व्यवस्थाच कथेचा विषय करून तो लहान मुलांना रुचेल अशा रीतीने मांडणे, हे ब्लायटनचे वैशिष्ट्य होय आणि तिच्या दोषांसह ते मान्य करावे लागते.

लंडन येथे ती निधन पावली.