गोंडस नेमबाजीच्या व्हिडिओ गेममधील साम्य आणि उसनवारी : एक चिकित्सक अभ्यास

सारांश

१९८० च्या दशकाच्या मध्यापासून जपानमध्ये आडव्या सरकत्या पडद्यावरील नेमबाजीच्या व्हिडिओ गेमचा एक गोंडस, विनोदी उपप्रकार विकसित झाला. या उपप्रकारातील खेळ एकमेकांची नक्कल आहेत, असा आक्षेप सहज घेतला जातो. प्रस्तुत लेखात निवडक खेळांच्या आधारे या आक्षेपाची तपासणी केली असून, त्यासाठी संस्कृत काव्यशास्त्रातील अर्थसाम्यविषयक विचाराचा आधार घेतला आहे. उसन्या घेतलेल्या नियमामुळे खेळाडूच्या निर्णयात कोणता बदल घडतो, यावरून उसनवारीचे मूल्य ठरवावे, अशी या लेखाची भूमिका आहे.

बीजसंज्ञा : व्हिडिओ गेम, उसनवारी, विडंबन, अर्थहरण, ग्रेडियस, पॅरोडियस.

१. प्रस्तावना

आडव्या सरकत्या पडद्यावरील नेमबाजीच्या खेळाचा सांगाडा साधा आहे. बहुधा पडद्याच्या डाव्या बाजूस खेळाडूचे यान असते, देखावा उजवीकडून डावीकडे सरकत राहतो, समोरून शत्रू येतात आणि त्यांना टिपत, त्यांच्या गोळ्या चुकवीत पुढे जायचे असते. कोनामी या जपानी कंपनीच्या 'स्क्रॅम्बल' (१९८१) या खेळात पुढे मारायच्या गोळ्या आणि खाली टाकायचे बाँब अशी दोन शस्त्रे होती. याच कंपनीच्या 'ग्रेडियस'ने (१९८५) या सांगाड्यावर शस्त्रनिवडीची एक स्वतंत्र व्यवस्था उभी केली. या खेळांचे जग अवकाशातले, धातूचे आणि गंभीर होते.

१९८५ मध्येच कोनामीचा 'ट्विनबी' आला. त्याचा पडदा आडवा न सरकता उभा सरकतो. परंतु हात असलेले बाहुलीसारखे यान, ढग आणि रंग बदलणाऱ्या घंटा यांमुळे पुढील गोंडस खेळांचा तो एक पूर्वज ठरला. दुसरा पूर्वज म्हणजे सेगा कंपनीचा 'फँटसी झोन' (१९८६). त्यानंतर नामकोचा 'ऑर्डाइन' (१९८८), कोनामीचा 'पॅरोडियस' (१९८८), सक्सेस कंपनीचा 'कॉटन' (१९९१), क्वेस्टचा 'मॅजिकल चेस' (१९९१) आणि 'केइओ फ्लाइंग स्क्वाड्रन' (१९९३) असे खेळ येत गेले. इंग्रजी खेळसमीक्षेत या गटाला 'क्यूट-एम-अप' असे नाव पडले.

हे खेळ एकापाठोपाठ एक पाहिले असता साम्य चटकन डोळ्यांत भरते. दुकान, रंग बदलणारी वस्तू, सोबत उडणारे साहाय्यक आणि हसऱ्या चेहऱ्याचे शत्रू पुन्हा पुन्हा भेटतात. साहजिकच 'एक पाहिला की सगळे पाहिले' असा निवाडा दिला जातो. हा निवाडा मान्य केला, तर या प्रकाराचा इतिहास म्हणजे पहिल्या दोन खेळांचा इतिहास आणि बाकी सारी पुनरावृत्ती, असे म्हणावे लागेल. म्हणूनच त्याची चिकित्सा आवश्यक आहे.

२. साम्यविचाराची चौकट

दोन कृतींतील साम्य म्हणजे चोरी काय, हा प्रश्न आपल्या काव्यशास्त्राला नवा नाही. नवव्या शतकातील आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'च्या चौथ्या उद्द्योतात साम्याचे तीन प्रकार मानले : आरशातील प्रतिबिंबासारखे, चित्रासारखे आणि दोन देहधारी व्यक्तींमध्ये असते तसे. पहिल्या दोहोंना त्याने त्याज्य ठरविले, तिसऱ्याला मात्र स्वतंत्र आत्मा आहे म्हणून ग्राह्य मानले. राजशेखराने 'काव्यमीमांसे'त या विचाराचा विस्तार करून 'परपुरप्रवेश' हा आणखी एक प्रकार सांगितला. त्यात मूळ एकच असते; पण त्याभोवतीची सारी रचना अगदी वेगळी असते.

ही चौकट खेळांना लावताना एक भेद लक्षात ठेवणे इष्ट ठरेल. काव्यात शब्द आणि अर्थ हरण केले जातात. खेळात चित्र व संगीत हा एक थर असतो आणि नियम हा दुसरा. खेळाचा अर्थ मुख्यतः नियमातून, म्हणजे खेळाडूला क्षणोक्षणी काय ठरवावे लागते यातून, निष्पन्न होतो. यान दिसते कसे, हे पहिल्या मिनिटातच सवयीचे होते. घंटा आता उचलावी की आणखी एकदा टिपावी, हा प्रश्न मात्र खेळ संपेपर्यंत सुटत नाही.

३. कायद्याची दृष्टी आणि समीक्षेची दृष्टी

कायद्याने या दोन थरांकडे वेगळ्या नजरेने पाहिले आहे. 'पॅक-मॅन' आणि 'के. सी. मंचकिन' या खेळांतील साम्याबद्दल अमेरिकेतील सातव्या सर्किटच्या अपील न्यायालयापुढे आलेला खटला (१९८२) येथे बोलका आहे. चक्रव्यूह व गुणमोजणी यांसारख्या खेळाच्या सामान्य कल्पनेला न्यायालयाने फारसे संरक्षण दिले नाही. मात्र खादाड पात्र आणि भुते यांच्या चित्रणातील साम्य आक्षेपार्ह मानून 'के. सी. मंचकिन'च्या विक्रीला अंतरिम मनाई केली. याचा अर्थ, कल्पना सर्वांची, अभिव्यक्ती मात्र कर्त्याची.

व्यवहारात ही विभागणी योग्य असेलही. समीक्षेला मात्र ती अपुरी पडते. गोंडस नेमबाजीच्या खेळांत चित्रे सतत बदलतात. यानाच्या जागी चेटकीण येते, ऑक्टोपस येतो, पेंग्विन येतो. नियम मात्र या खेळातून त्या खेळात प्रवास करतात. म्हणजे कायदा ज्याकडे पाहतो तेथे वेगळेपण दिसते आणि ज्याकडे तो पाहत नाही तेथे खरी देवघेव चालते. ती देवघेव तीन उदाहरणांतून तपासता येईल.

४. घंटा आणि स्फटिक

'ट्विनबी'मध्ये ढगाला गोळी मारली की घंटा बाहेर पडते. ती खाली पडू लागते. पुन्हा गोळी मारली की वर उसळते आणि काही माऱ्यांनंतर तिचा रंग बदलतो. पिवळी घंटा गुण देते, इतर रंगांच्या घंटा वेग वा शस्त्रे देतात. या एका नियमाने नेमबाजीचा अर्थच दुहेरी झाला. तीच गोळी शत्रूला मारते आणि तीच घंटेला झेलते. शत्रूकडे लक्ष द्यावे तर घंटा निसटते, घंटेकडे द्यावे तर शत्रूची गोळी लागते.

'कॉटन'मध्ये घंटा नाही, स्फटिक आहेत. विलो नावाच्या मिठाईच्या मोहाने झाडूवर बसून निघालेली ही चेटकीण शत्रू मारते, त्यांतून स्फटिक पडतात आणि गोळ्या लागल्या की त्यांचा रंग बदलतो. येथपर्यंत उसनवारी स्पष्ट आहे. परंतु 'कॉटन'मधील काही स्फटिक अनुभवाचे गुण देतात व त्यांतून नेहमीच्या माऱ्याची पातळी वाढते, तर काही स्फटिक जादू देतात. ही जादू साठवून ठेवून नंतर वापरता येते. 'ट्विनबी'त प्रश्न असतो, आत्ता कोणते शस्त्र हवे? 'कॉटन'मध्ये प्रश्न होतो, रोजच्या बळात भर घालावी की संकटासाठी गाठीशी ठेवावे? नियमाचा देह सारखा, पण त्यात नांदणारा विचार वेगळा. आनंदवर्धनाने ग्राह्य मानलेल्या तुल्यदेही साम्याचे हे चांगले उदाहरण होय.

५. दुकानाचा प्रवास

'फँटसी झोन'ची मुळे 'डिफेंडर' या अमेरिकन खेळापर्यंत नेता येतात. दोन्हींत यान डावी-उजवीकडे मोकळेपणाने फिरते. 'फँटसी झोन'मधील ओपा-ओपा या इवल्याशा यानाला प्रत्येक टप्प्यातील शत्रूचे तळ नष्ट करावे लागतात. शत्रूंकडून नाणी मिळतात आणि तरंगत येणाऱ्या दुकानात त्या नाण्यांची शस्त्रे घेता येतात. येथील अर्थव्यवस्था कठोर आहे. पुन्हा पुन्हा घेतलेल्या वस्तूची किंमत चढत जाते आणि प्रभावी शस्त्रे ठराविक काळच टिकतात. फिक्या गुलाबी-हिरव्या रंगांच्या या जगात खरेदी हा जुगार असतो. खेळाच्या कथेतही शत्रूने इतर ग्रहांचे चलन लुबाडून सैन्य उभारलेले असते. अखेरीस त्या शत्रूचा म्होरक्या ओपा-ओपाचा पिताच निघतो. म्हणजे नाणी गोळा करण्याचा नियम आणि कथा परस्परांना धरून आहेत. गोंडसपणाखाली दडलेली ही बोच 'फँटसी झोन'चे खरे वैशिष्ट्य आहे.

पुढे 'ऑर्डाइन'ने दुकान घेतले आणि 'मॅजिकल चेस'नेही घेतले. 'मॅजिकल चेस'ची नायिका रिपल स्फटिक जमवते व भोपळ्याच्या डोक्याच्या दुकानदाराकडून शस्त्रे विकत घेते. मात्र येथे एका गोळीने सर्व संपत नाही. जीवनशक्ती हृदयांच्या रूपात मोजली जाते आणि ती भरून काढण्याची सोयही दुकानात असते. त्यामुळे दुकान जुगाराचे ठिकाण न राहता विसाव्याचे ठिकाण बनते. खेळाडूच्या मनःस्थितीतील हा बदल मोठा आहे. दुकानाची कल्पना उसनी असली, तरी तिने निर्माण केलेला भाव उसना नाही.

६. 'पॅरोडियस' : परपुरप्रवेश

उसनवारीचे सर्वांत धीट उदाहरण 'पॅरोडियस' हेच होय. पॅरोडी आणि 'ग्रेडियस' यांच्या संयोगातून त्याचे नाव बनले आहे. १९८८ मध्ये एमएसएक्स या घरगुती संगणकासाठी आणि १९९० मध्ये आर्केडसाठी त्याची रूपे आली. आर्केडमधील खेळात 'ग्रेडियस'चे व्हिक व्हायपर हे यान, 'ट्विनबी', एक ऑक्टोपस आणि एक पेंग्विन यांतून निवड करता येते. 'ग्रेडियस'मधील मोआई पुतळे येथेही भेटतात; पार्श्वसंगीतासाठी पाश्चात्त्य अभिजात रचनांचा मुक्त वापर केला आहे.

चित्रांच्या पातळीवर ही थट्टा कोणालाही कळते. खरी थट्टा नियमांत आहे. 'ग्रेडियस'मध्ये कुपी उचलल्या की पडद्याच्या तळाशी असलेल्या शस्त्रांच्या पट्टीवरील खूण एकेक घर पुढे सरकते. हवे ते घर आले की बटण दाबायचे. ही शिस्त अंगी बाणलेल्या खेळाडूसमोर 'पॅरोडियस' अशी कुपी टाकतो, की जी उचलताच खूण गरगर फिरू लागते आणि निवड नशिबाच्या हाती जाते. पट्टीत असेही एक घर आहे, की जे निवडल्यास मिळविलेली शस्त्रे निघून जातात. अनुभवी खेळाडूची सवयच त्याचा घात करते. यावर 'ट्विनबी'च्या घंटाही येतात; परंतु त्यांतील एक यानाला अवाढव्य व अभेद्य करते, तर दुसरी कर्णा देते आणि त्यातून ओरडलेले शब्दच शत्रूवर आदळतात.

मूळ एक आणि परिकर सर्वस्वी भिन्न, हे राजशेखराचे लक्षण येथे तंतोतंत लागू पडते. आणखी एक गोष्ट लक्षणीय आहे. चोरीला लपावे लागते; विडंबनाला मात्र मूळ ओळखले जाणे आवश्यक असते. 'पॅरोडियस' आपले ऋण नावातच जाहीर करतो.

७. उसनवारीच्या मर्यादा

याचा अर्थ प्रत्येक उसनवारी समर्थनीय आहे, असा नव्हे. 'गोकुजो पॅरोडियस' (१९९४) या पुढील भागात पात्रांची संख्या वाढली आणि चित्रे अधिक संपन्न झाली. परंतु पट्टी आणि घंटा यांचे कार्य बहुतांशी तेच राहिले. खेळाडूला नवा निर्णय फारसा घ्यावा लागत नाही. हे साम्य चित्रासारखे, म्हणजे रंग नवे पण प्राण जुना, असे आहे. याउलट 'सेक्सी पॅरोडियस' (१९९६) या भागाची चित्रे उथळ असली, तरी त्याने प्रत्येक टप्प्याला एक स्वतंत्र कामगिरी जोडून खेळाडूच्या विचारात पुन्हा बदल घडविला. अभिरुचीच्या दृष्टीने कमी प्रतीचा वाटणारा भाग नियमांच्या दृष्टीने अधिक नवा असू शकतो, हे यावरून दिसते.

हडसन कंपनीचा 'स्टार पॅरोडियर' (१९९२) हाही विचारात घ्यावा लागेल. तो उभ्या पडद्याचा असून हडसनच्याच 'स्टार सोल्जर'चे विडंबन करतो. त्यात 'पीसी इंजिन' हे खेळयंत्रच यान बनून उडते. कल्पना गमतीची आहे. पण ती मुख्यतः दृश्य विनोदाच्या पातळीवर राहते आणि 'पॅरोडियस'प्रमाणे खेळाडूच्या सवयीला हात घालत नाही. पुढे २०१२ मध्ये हडसन कोनामीत विलीन झाली आणि ही दोन्ही विडंबने एकाच घरात आली, हा इतिहासाचा एक योगायोग.

८. समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला, या प्रकारातील साम्य खरे आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. दुसरा, चित्रांतील साम्य मोजून मौलिकतेचा निर्णय करता येत नाही. उसना नियम खेळाडूपुढे नवा प्रश्न उभा करतो काय, हे पाहावे लागते. तिसरा, या कसोटीवर 'कॉटन', 'मॅजिकल चेस' आणि 'पॅरोडियस' हे ऋणी असूनही स्वतंत्र ठरतात.

एक चिंता मात्र उरते. ज्या कृती परस्परांच्या आठवणीवर उभ्या असतात, त्यांतील एक विस्मृतीत गेली की दुसरीचाही अर्थ क्षीण होतो. 'कॉटन रीबूट' (२०२१) आणि 'ग्रेडियस ओरिजिन्स' (२०२५) यांमुळे जुने खेळ नव्या यंत्रांवर पुन्हा खेळता येऊ लागले, ही समाधानाची बाब आहे. परंतु 'ग्रेडियस'ची पट्टी ज्याच्या बोटांना ठाऊक नाही, त्याला 'पॅरोडियस'मध्ये केवळ एक नाचरा ऑक्टोपस दिसेल. आपली फसगत का झाली आणि त्यात हसण्यासारखे काय होते, हे त्याला उमगणार नाही. म्हणून या खेळांचे जतन सुटे सुटे न करता मूळ आणि उसनवार यांना शेजारी ठेवून व्हायला हवे. देणारा आणि घेणारा दोघेही समोर असतील, तरच ऋणाचे मोल करता येते.